एकाच घरातले पाच पाहुणे, पाच तऱ्हांचे कागद

दिवाळीला साताऱ्यात भरणारं एक घर डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा दुबईत नोकरीला, पासपोर्ट भारतीय. त्याची मुलगी तिथंच जन्मलेली. धाकटी लेक अमेरिकेत, काही वर्षांपूर्वी तिथली नागरिक झालेली. जावई जन्मानंच अमेरिकन. त्यांचा सहा वर्षांचा मुलगाही अमेरिकन. पाचही जणं मुंबईला उतरून एकाच गाडीत बसतील, खंबाटकीचा घाट चढतील आणि एकाच ताटाभोवती बसून चिवडा खातील. पण कायद्याच्या नजरेनं ही पाच माणसं वेगवेगळी आहेत. प्रत्येकाचे कागद वेगळे आणि त्यांची मुदतही वेगळी.

सुट्टीत जे घोळ होतात, ते बहुतेक इथूनच सुरू होतात. घरातला एक जण सगळ्यांचं बघतो आणि स्वतःला लागू असलेला नियम सगळ्यांना लावतो. "मला काही लागलं नाही, तुलाही लागणार नाही" हे वाक्य चेक-इन काउंटरवर महागात पडतं. म्हणून तयारी कुटुंबाची न करता माणसागणिक करायची. एका वहीत पाच पानं करा, प्रत्येक पानावर एक नाव. खाली पासपोर्ट कोणत्या देशाचा, संपतो कधी, भारतात कशावर येणार आणि परत जाताना तिकडचा कोणता कागद लागणार एवढं लिहा.

लेकीचा जुना पासपोर्ट

सर्वात मोठा गैरसमज या पानावर सापडतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय माणसानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्या दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. म्हणजे अमेरिकेत शपथ घेतली त्या क्षणी लेकीचा भारतीय पासपोर्ट निकामी झाला, मग त्यावर मुदत २०३१ पर्यंत छापलेली का असेना. "अजून पाच वर्षं शिल्लक आहेत, एक फेरी यावर मारून घेऊ" असा विचार अनेक जण करतात. तो गुन्हा आहे आणि पुढं ओसीआयच्या (मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या आजीवन परवान्याच्या) अर्जाच्या वेळी ती फेरी पासपोर्टवरच्या शिक्क्यांतून उघडी पडते.

आधी भारतीय वकिलातीकडे पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. पासपोर्ट रद्द करून परत मिळतो. तो फेकू नका. आपण मूळचे भारतीय आहोत हे दाखवायला यासारखा दुसरा पुरावा नाही, आणि उद्या मुलाच्या अर्जालाही तोच लागतो. सरेंडर झालं की ओसीआयचा अर्ज. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून दिवाळीचं तिकीट काढून झाल्यावर अर्ज करू नका.

ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात 'सिटिझन' असल्यामुळे घोटाळा होतो. हे नागरिकत्व नाही. भारतात कितीही वेळा येण्याचा आणि हवं तितकं राहण्याचा आजीवन परवाना म्हणजे ओसीआय, असं समजा. पूर्वी मूळच्या भारतीयांसाठी पीआयओ नावाचं वेगळं कार्ड असायचं, ते ९ जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्ये विलीन झालं. ओसीआयधारकाला कितीही दिवस राहिलं तरी पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. देशांतर्गत विमानाचं भाडं आणि राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, स्मारकं, संग्रहालयं यांचं प्रवेश शुल्क भारतीयांइतकंच लागतं. कार्ला लेण्यांच्या तिकीट खिडकीवर परदेशी दर सांगितला तर मूळ कार्ड दाखवा, मोबाइलमधल्या फोटोवर भागेलच असं नाही. मतदान मात्र नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारसानं आलेली जमीन नावावर राहू शकते, ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण या कामांना ओसीआय असूनही वेगळी परवानगी लागते.

नातवाच्या कार्डावरचा जुना नंबर

सहा वर्षांच्या नातवाचं ओसीआय तो तान्हा असताना काढलेलं. अमेरिकेत लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे पासपोर्ट एकदा बदललाय. ओसीआय कार्ड उघडून पाहिलं तर त्यावर जुन्या पासपोर्टचा नंबर, आणि फोटो टोपडं घातलेल्या बाळाचा. समोर उभा असतो दात पडलेला पोरगा. आईबापांची झोप उडते ती इथं.

नियम असा आहे. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की कार्ड नव्यानं काढावं लागत नाही. नवा पासपोर्ट आणि ताजा फोटो ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर तीन महिन्यांच्या आत चढवायचा, पैसे लागत नाहीत. विसाव्या वर्षानंतर जो पहिला नवा पासपोर्ट मिळेल तेव्हा एकदाच कार्ड नव्यानं काढायचं, कारण तोवर चेहरा पक्का झालेला असतो. ज्यांनी मुळात विशीनंतरच ओसीआय काढलं त्यांना हेही करावं लागत नाही. पन्नाशीनंतर पहिला नवा पासपोर्ट आला की पुन्हा एकदा फक्त कागद चढवायचे. पूर्वी जुना पासपोर्टही सोबत ठेवावा लागे, ती अट २०२१ मध्ये काढून टाकली. तरी नियम माहीत नसलेला एखादा कर्मचारी विमान कंपनीच्या काउंटरवर भेटतोच. कागद चढवल्याची पोच छापून पासपोर्टात ठेवा, दोन मिनिटांत प्रश्न मिटतो.

बाळाचं ओसीआय पहिल्यांदा काढताना एक कागद साताऱ्यातूनच लागतो आणि तो नेमका कुणाकडे नसतो. आईवडिलांच्या विवाह नोंदणीचा दाखला. मांडवात लग्न झालं, अल्बम झाला, पण नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद केलीच नाही, अशी जोडपी पुष्कळ आहेत. लग्नपत्रिका आणि फोटो यांवर अर्ज पुढं सरकत नाही. नोंदणीला नवरा-बायको आणि साक्षीदार हजर लागतात, म्हणून हे काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात उरकायचं. नव्यानं लग्न करून परदेशी निघालेल्यांनी तर विमानात बसण्याआधीच करावं.

दुबईत जन्मलेल्या नातीचं गणित निराळं. अमेरिकेत जन्म झाला की बहुतेक मुलं तिथली नागरिक ठरतात, अमिरातीत तसं नाही. भारतीय आईबापांच्या मुलाचा जन्म तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवला की मूल भारतीय. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते आणि तोवर त्या लेकराला पासपोर्टच नसतो. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. त्याची मुदत पाहताना 'प्रवासाच्या दिवशी निदान सहा महिने शिल्लक' हा हिशेब धरा. गावी आल्यावर नूतनीकरण करू असं म्हणू नका, पोलीस पडताळणीत सुट्टी संपते.

जावयाचा ई-व्हिसा

भारतीय किंवा ओसीआयधारक जोडीदारामुळे जावयालाही ओसीआय मिळू शकतं. लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. घटस्फोट झाला तर ते रद्द होतं. दरवर्षी येणं असेल तर काढून ठेवावं, तीन-चार वर्षांतून एक फेरी असेल तर ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो.

हा व्हिसा तीन मुदतींचा असतो: ३० दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षं. ३० दिवसांच्या व्हिसाचे दिवस भारतात पाय ठेवल्यापासून मोजतात. परवानगीच्या कागदावर जी 'एक्स्पायरी' दिसते ती आत येण्याची शेवटची तारीख असते, राहण्याची नव्हे. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसाचे दिवस मात्र मंजुरीच्या तारखेपासून धावायला लागतात. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे सलग पाच वर्षं राहायची मुभा नव्हे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना एका वेळी १८० दिवस राहता येतं, इतर बहुतेकांना ९०. ३० दिवसांच्या व्हिसाला किमान चार दिवस आधी अर्ज करता येतो, पण चार दिवसांवर विसंबू नका. फोटो नाकारला गेला किंवा पासपोर्टच्या पानाची प्रत अंधूक निघाली की अर्ज परत येतो.

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का हे डोळ्यांनी पाहा. शोध घेताना वर जी नावं येतात त्यांत हुबेहूब दिसणारी खासगी दुकानं असतात, ती भरमसाट पैसे घेतात आणि पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे राहते ती वेगळीच.

फॉर्म भरताना चुका ठरलेल्या आहेत. अमेरिकन माणूस तारखेत महिना आधी लिहितो, इथं दिवस आधी. पासपोर्ट नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडतो. मधलं नाव पासपोर्टात आहे पण फॉर्ममध्ये गाळलं जातं. आपल्याकडे तर वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत, त्यामुळे तिकिटावर एक, ओसीआयवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असं होतं. पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जे नाव ज्या क्रमानं आहे तेच सगळीकडे लिहा. भारतातला संदर्भ म्हणून सासऱ्यांचं नाव, पूर्ण पत्ता आणि चालू फोन नंबर द्यायचा, आणि घरच्यांना ते सांगून ठेवायचं.

व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यानं विमान उतरण्याआधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते सुरू झालंय. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या नातेवाइकांनी लसीचं प्रमाणपत्र जवळ ठेवायचं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. त्याशिवाय आलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

इमिग्रेशनच्या खिडकीवरून निघण्याआधी शिक्का पाहा. तारीख वाचता येते का, पुसट उमटलाय का, हे तिथंच उभं राहून बघायचं. पुढं हॉटेल, सिमकार्ड, पोलीस, सगळे तेच पान मागतात. थोरल्या मुलासारखे भारतीय आणि लेकीसारखे ओसीआयधारक यांच्यासाठी 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' ही मोफत सोय जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईलाही आली. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे एकदा द्यायचे, मग स्वयंचलित दारातून जाता येतं. दरवर्षी येणाऱ्यांनी करूनच घ्यावं, रांगेतला निम्मा ताण जातो.

कस्टममध्ये अडकणाऱ्या वस्तू

सोन्याबद्दल सगळे विचारतात. वर्षापेक्षा जास्त परदेशात राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंतचे दागिने करमुक्त आणता येतात. दागिने म्हणजे दागिनेच, बिस्कीट किंवा नाणं यात बसत नाही. बाकी भेटवस्तूंच्या किमतीची मर्यादा सरकार बदलत असतं, निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. त्याहून जास्त असेल तर लाल मार्गानं जाऊन स्वतः सांगायचं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लॅपटॉप आणि दोन लिटरपर्यंत मद्य चालतं. परकीय नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील तर जाहीर करायच्या.

इथून लग्नाला घालायला दागिने परदेशी नेऊन पुन्हा आणायचे असतील, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर तुमचेच दागिने पुढच्या खेपेला 'नवे' ठरतात.

जावयाच्या बॅगेत तीन गोष्टी असतील तर त्या तिकडेच ठेवायला सांगा: ड्रोन, ई-सिगारेट आणि उपग्रहावर चालणारं संपर्क यंत्र. डोंगर चढणारे परदेशी लोक ते छोटं यंत्र पिशवीला अडकवून फिरतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यावरून लोकांना अटक झालेली आहे. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्यानं सरसकट बंदी आहे.

रात्री कुठं झोपला, ते चोवीस तासांत कळवायचं

ही गोष्ट साताऱ्याच्या घरांत सहसा कुणाला ठाऊक नसते. परदेशी नागरिक जिथं मुक्काम करतो, तिथल्या जागा देणाऱ्यानं त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायची असते. हॉटेलवाले याला 'सी फॉर्म' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना फॉरेनर्स अ‍ॅक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला, तरी कळवण्याची जबाबदारी कायम आहे.

हॉटेलात काउंटरवरचा मुलगा पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि आगमनाचा शिक्का यांच्या प्रती काढतो, कुठून आलात आणि पुढं कुठं जाणार ते विचारतो आणि संगणकावर भरतो. अडचण येते ती लहान जागांत. बामणोलीकडचा एखादा घरगुती मुक्काम किंवा कासच्या वाटेवरचं छोटं लॉज यांच्याकडे या नोंदणीचं खातंच नसतं. मग रात्री आठ वाजता ऐकायला मिळतं, "फॉरेनर चालत नाही आमच्याकडं." त्यात त्यांचा दोषही नाही, खातं नसताना ठेवलं तर कारवाई त्यांच्यावर होते. म्हणून खोली ठरवतानाच फोनवर सरळ विचारा: "परदेशी पासपोर्ट आहे, सी फॉर्म भरता का?" ओसीआय असलेल्यांनीही पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवायची, कारण एकट्या ओसीआय कार्डावर ओळख पटत नाही.

आणि घरी? ही माहिती द्यावी लागणाऱ्यांच्या सरकारी यादीत हॉटेल, धर्मशाळा, रुग्णालय यांच्या जोडीला खासगी घरही आहे. जावई आहे, भाडेकरू नाही, मग कशाला, असं वाटणं साहजिक आहे. तरी भरून ठेवावं असंच आमचं मत. घरमालकाच्या नावानं एकदा खातं उघडायला ओळखपत्र आणि घराचा पुरावा लागतो. खात्याला मंजुरी मिळायला वेळ जातो, म्हणून पाहुणे यायच्या दोन-तीन आठवडे आधी करा. जमेना तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात जा, जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम त्यांच्याकडेच असतं. समजा जावयाचा पासपोर्ट हरवला किंवा आजारपणात व्हिसा संपला, तर बाहेर पडायचा परवाना काढायला याच नोंदीचा आधार होतो. पासपोर्ट हरवला की क्रम असा: आधी पोलिसांत तक्रार, मग त्याच्या देशाच्या वकिलातीकडून तात्पुरता पासपोर्ट, मग ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर बाहेर पडण्याची परवानगी. नवा पासपोर्ट हातात आला म्हणून थेट विमानतळावर गेलं तर परत फिरवतात, कारण त्या पासपोर्टावर भारतात आल्याचा शिक्काच नसतो.

पैसे, सिम आणि दिवसांची मोजणी

थोरला मुलगा परदेशात गेला तेव्हाच त्याचं इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं खातं) करून घ्यायला हवं होतं. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही. भाडं, भिशी, शेतीचं उत्पन्न असे इथले पैसे एनआरओत, तिकडून पाठवलेले एनआरईत. एनआरईचं व्याज करमुक्त, एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्क्यांच्या दरानं कर कापते. दोन्हींना यूपीआय जोडता येतं आणि अमेरिका, अमिराती, सौदी, ओमान, कतार, ब्रिटन, सिंगापूर अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवरही ते चालतं. बँकेत नंबर बदलून घ्यायला विसरू नका, ओटीपी बंद पडलेल्या जुन्या सिमवर जात राहतो. जावयासाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं पाकीट आहे, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मिळतं. कासच्या वाटेवर चहा घ्यायचा तर परदेशी कार्डाचा उपयोग नाही, क्यूआर हवा किंवा सुटे पैसे. एटीएमनं "तुमच्या चलनात रूपांतर करू का" असं विचारलं तर नाही म्हणून रुपयांतच घ्या, त्यात दर बरा मिळतो.

आधारबद्दल: भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासीला आल्या आल्या अर्ज करता येतो. ओसीआयधारकाला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.

आता दिवस. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि माणूस भारतात 'निवासी' ठरला की त्याचं परदेशातलं उत्पन्नही विचारात येऊ शकतं. भेटीला येणाऱ्या भारतीयाला किंवा मूळच्या भारतीयाला मर्यादा १८२ दिवसांची आहे. पण इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथं घालवले असतील, तर ती १२० वर येते. आल्याचा आणि गेल्याचा दोन्ही दिवस मोजून ठेवा. उदाहरण घ्या: कुणी २०२७ मध्ये १० फेब्रुवारीला आला आणि २० मेला गेला. एकूण १०० दिवस. पण त्यातले ५० मार्चअखेरपर्यंतच्या वर्षात आणि ५० पुढच्या वर्षात पडतात. याच माणसानं दिवाळीला पुन्हा महिनाभर मुक्काम केला आणि आईच्या आजारपणात तो दोन महिने लांबला, तर दुसऱ्या वर्षाचे दिवस १४० होतात. इथलं उत्पन्न मोठं असलेल्यांनी अशा वेळी सीएला आधी विचारावं, विवरणपत्र भरायच्या महिन्यात विचारून उपयोग नसतो. अमिरातीतल्या नोकरदारांना उलट बाजूचंही भान हवं, तिकडून सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तिथला निवासी व्हिसा साधारणपणे रद्द होतो.

सुट्टीत वाटणीचं किंवा हक्कसोडीचं काम काढणार असाल तर दिवाळीचा आठवडा धरू नका. राज्य सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद, त्यात सणाच्या सुट्ट्या. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवावं लागतं, सही आणि ठसा प्रत्यक्ष. ज्याला येता येत नाही त्यानं मुखत्यारपत्र पाठवायचं. अमेरिकेतून ते नोटरी आणि अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून येतं, दुबईहून भारतीय वकिलातीसमोर सही करून. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची अट कुणी सांगत नाही आणि ऐन नोंदणीच्या दिवशी कागद परत येतो.

केव्हा यावं

आखातातल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात, तेव्हा इथं धो धो पाऊस. ठोसेघरचा धबधबा भरात असतो, पण महाबळेश्वरला दहा फुटांवरचं दिसत नाही. कासची फुलं साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि हंगामात दिवसाला ठराविकच लोक सोडतात, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. डिसेंबरात येणाऱ्यांना पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा सापडू शकते. प्रतापगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. जावयाला गड दाखवायचा तर पाऊस ओसरल्यावरचे थंडीचे महिने सर्वांत चांगले. गाडी तो स्वतः चालवणार असेल तर त्याच्या देशाच्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो.

परतीची बॅग

येताना जितका विचार होतो त्याच्या चौथा हिस्साही जाताना होत नाही. आई पिशव्या भरत असते आणि 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. पण ही बॅग देशागणिक वेगळी भरायची असते.

दुबईच्या बॅगेत खसखस जाता कामा नये. कणभरसुद्धा नाही. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेलेले आहेत. आता दिवाळीचा फराळ डब्यातून काढून जवळून पाहा. अनारशाची जाळीदार बाजू खसखशीवरच थापलेली असते. पांढरे दाणे जाळीत असे रुतलेले असतात की झटकून निघत नाहीत. कांदा-लसूण मसाल्यात आणि गरम मसाल्यात अनेक घरांत ती भाजून घालतात, मग ती दिसतही नाही. म्हणून दुबईकरांसाठी मसाला कांडतानाच वेगळा करायचा आणि अनारसे इथंच खाऊन जायचे. सौदी, कतार, सिंगापूरलाही हीच खबरदारी. विड्याची पानंही अमिरातीत चालत नाहीत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली, झोपेची, वेदनाशामक औषधं न्यायची तर तिकडच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी घ्यायची आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवायची.

अमेरिकेला खसखस चालते, पण ताजा कढीपत्ता, आंबा, तांदूळ आणि सुका हरभरा काढून घेतात. कढीपत्त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो आणि तांदूळ-हरभऱ्यातून खापरा भुंगेरा हा कोठारातला किडा जातो, अशी कारणं आहेत. म्हणून इंद्रायणीची पिशवी घरीच ठेवा. हळद, तिखट, बेदाणे, चिवडा चालतात, फक्त फॉर्मवर 'खाद्यपदार्थ आहेत' यावर हो म्हणा. सांगितलेली वस्तू फार तर जप्त होते, लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना वाईट वाटेल अशी गोष्ट म्हणजे कंदी पेढे. पेढा म्हणजे खवा, आणि भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ तिकडे प्रवाशाला नेता येत नाहीत. तूपही त्यातच. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगाची त्यांना भीती असते. खरपूस भाजल्यामुळे कंदी पेढा इतर पेढ्यांपेक्षा जास्त टिकतो हे खरं, पण तो युक्तिवाद सिडनीच्या विमानतळावर चालत नाही.

देश कोणताही असो, सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत ठेवू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते धोकादायक मालात धरतात. वाटून मसाल्यात घातलं की प्रश्न उरत नाही. लोणचं आणि तूप हातातल्या पिशवीत नाही, पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत. लोणच्याची बरणी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जुन्या टॉवेलात, मग कपड्यांच्या मधोमध. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवला तर तेल झिरपत नाही. वजन घरीच करा, आणि पाच बॅगा पाच जणांच्या नावानं वेगळ्या भरा. दुबईच्या बॅगेतला डबा चुकून अमेरिकेच्या बॅगेत गेला तर फार तर तो जप्त होईल. अमेरिकेसाठी भरलेला मसाला मात्र दुबईच्या बॅगेत जाता कामा नये. बॅगा बंद करताना डब्यांवर नाव आणि देश लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.